जर्मन भाषेवरचा सूड

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या जुन्या घराचा माळा गळायला लागला आणि वरची पत्र्याची ट्रंक खाली काढावी लागली. आप्पांची ट्रंक. आत जुनी रेशनकार्डं, लाइटबिलं, सीमाप्रश्नाची पिवळी पडलेली पत्रकं, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक. कणा निघालेला. त्याला लावलेली सेलोटेप तपकिरी होऊन सुटलेली. एक कोपरा कसरीनं खाल्लेला. पत्रकं आणि पुस्तक एकाच ट्रंकेत का, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. तो नंतर पडला, आणि हा लेख त्यावरच आहे.

पुस्तक अलेक्सांद्र रास्किन यांचं. ‘बाबा लहान होते तेव्हा’ असा नावाचा अर्थ. मूळ रशियन १९६१ चं, आमच्याकडे होता तो मॉस्कोच्या प्रोग्रेस प्रकाशनानं १९६६ मध्ये काढलेला इंग्रजी अनुवाद, ल्येव तोकमाकोव यांच्या चित्रांसह. ज्यांचं बालपण १९९१ च्या आधी गेलं त्यांना सोव्हिएत पुस्तकांची ओळख करून द्यायला नको. लोकवाङ्मय गृहाची प्रदर्शनं, जाड कागद, घट्ट बांधणी, शाईचा तो विशिष्ट वास, आणि पाचाची नोट दिली तरी सुटे परत मिळतील अशी किंमत. मॉस्कोतून थेट मराठीतही पुस्तकं येत. अनुवादक म्हणून अनिल हवालदार हे नाव अनेकांच्या लक्षात असेल. शाळेच्या वह्यांना ‘सोव्हिएत लँड’च्या गुळगुळीत पानांची कव्हरं घालणारी पिढी आमचीच. मात्र हे विशिष्ट पुस्तक आप्पांच्या हाती लागलं ते इंग्रजीत, आणि आम्हा भावंडांना इंग्रजी येत नव्हतं.

म्हणून आप्पा सांगत. बेळगावच्या पावसात संध्याकाळी लाइट गेली की कंदिलाजवळ बसून आधी एक परिच्छेद मनात वाचायचा, मग तो आमच्या मराठीत सांगायचा. त्या मराठीत रशियातल्या लहानशा गावातला तो मुलगा “काय करूलैस रे?” असं विचारायचा. नवा कोरा चेंडू मिळालेला मुलगा गावात आलेली मोटार बघतो आणि काय होतं ते बघावं म्हणून चेंडू चाकाखाली टाकतो. सर्कस बघून आला की शेजारच्या कुत्र्याला शिकवायला जातो आणि चावून घेतो. मोठेपणी काय व्हायचं ते ठरेना म्हणून आधी रात्रीचा पहारेकरी, मग आइस्क्रीमवाला असं करत करत शेवटी कुत्रा व्हायचं ठरवतो आणि मागच्या पायानं कान खाजवायचा सराव करतो. वाटेनं जाणारा एक लष्करी माणूस विचारतो, बाबा रे, माणूस व्हावंसं नाही वाटत का तुला? आमच्या घरात हा प्रश्न पुढं वर्षानुवर्षं टिकला. कुणी अभ्यास टाळला, कुणी ताट तसंच टाकून उठलं की आप्पा चष्म्यावरून बघत विचारायचे, “काय, मागच्या पायानं जमलं का?”

भिंतीपलीकडं कन्नड घर होतं. आमच्या घरातले आप्पा आणि त्यांच्या घरातले अप्पा यांत फरक फक्त काना देण्याचा. तिथली माझ्याच वयाची मुलगी दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर विचारायची, काल रात्री तुमच्याकडं एवढं काय हसत होते? तिला सांगायचं तर कन्नडमध्ये सांगायला हवं. माझं कन्नड तेव्हा दुकानापुरतं होतं: मीठ, काडेपेटी, किती झाले. चेंडू फुटला हे सांगायला फुटणं हे क्रियापद लागतं, ते नव्हतं. मी दोन्ही हात जवळ आणून फाटकन उघडले. तिनं शब्द दिला. अशा रीतीनं, शब्दामागून शब्द मागून घेत, मी “अप्पा सण्णाव इद्दाग”, म्हणजे बाबा लहान होते तेव्हा, अशी सुरुवात करून गोष्टी सांगायला शिकले. माझ्या कन्नडचा पाया शाळेनं घातला नाही, सरकारनंही नाही. एका रशियन पुस्तकानं घातला, तेही इंग्रजी प्रतीतून, मराठी बापाच्या तोंडून आलेल्या.

पुस्तक कसं जन्मलं, हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. रास्किन यांची मुलगी साशा लहानपणी सारखी आजारी पडे, कान ठणके, ती रडे. तिला हसवायला बापानं स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगितली. आपला बापही कधी लहान होता, त्यानंही मार खाल्ला, तोही खोटं बोलला, याचं साशाला इतकं नवल वाटलं की पुढं रोज गोष्ट द्यावी लागली. आणि त्या घरातली आई कोण? फ्रीदा विग्दोरोवा. १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या न्यायालयात तरुण कवी योसिफ ब्रॉडस्की याच्यावर ऐतखाऊपणाचा खटला चालला, तेव्हा कोर्टात बसून तो लिहून घेणारी पत्रकार. ती टिपणं हातोहात फिरली, देशाबाहेर गेली, आणि त्या कारभाराची लाज जगासमोर आली. पुढच्याच वर्षी ती गेली. ब्रॉडस्कीला नोबेल मिळालं १९८७ मध्ये.

हे मुद्दाम सांगते, कारण सोव्हिएत बालपुस्तकांचा विषय काढला की कुणीतरी हमखास म्हणतं, तो सगळा प्रचार होता. काही पुस्तकं होती प्रचाराची, का नसावीत. पण ज्या घरातल्या बाईनं सत्तेसमोर वही काढून बसण्याचं धाडस केलं, त्याच घरातल्या बापानं लिहिलेल्या या पुस्तकात एकही पुतळा नाही, एकही पुढारी नाही, विजयाची एकही आरोळी नाही. आहे तो एक चुका करणारा मुलगा आणि त्या चुका न लपवणारा बाप.

आता त्या गोष्टीकडं येते, जिच्यामुळं हे लिहायला घेतलं.

माळ्यावरून उतरल्यावर मी पुस्तक पहिल्यांदाच स्वतः, इंग्रजीतून, सलग वाचलं. बहुतेक पानांवर आमच्या बोटांचे डाग आहेत, हळदीचे, तेलाचे. एका जागी कंदिलाची काजळी आहे. एक गोष्ट मात्र कोरी. पानं जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. नाव असं काहीसं: बाबांनी जर्मन भाषेवर सूड कसा उगवला. छोटे बाबा शाळेत जर्मन शिकवणाऱ्या बाईंवर चिडतात. चिडणं अगदीच बिनबुडाचं नाही. पण बाईंचं काही वाकडं करता येत नाही, तेव्हा ते राग भाषेवर काढायचं ठरवतात. जर्मन शिकायचंच नाही. बाई येतात, जातात, वर्षं सरतात. मोठं झाल्यावर बाबांना कळतं की जर्मन भाषेला या सुडाचा पत्ताही लागला नाही. जे काही नुकसान झालं ते त्यांचं स्वतःचं.

ही गोष्ट आप्पांनी आम्हाला कधी सांगितली नाही. मुद्दाम गाळली का, हे विचारायला आता आप्पा नाहीत. पण मी त्यांची मुलगी आहे, मला अंदाज आहे.

आप्पा दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीला जात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हा ते शाळकरी पोर होते. सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमला १९६६ मध्ये, बेळगाव तिकडंच ठेवा असा अहवाल आला १९६७ मध्ये, त्या अहवालानं त्यांचं जे व्हायचं ते झालं. त्या दिवसापासून त्यांनी कन्नड शिकायचं नाही असं ठरवलं. म्हणजे कुणाला तसं बोलून दाखवलं नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या अप्पांशी चाळीस वर्षं गप्पा मारल्या, त्या मराठीतून. त्यांनी कन्नडमधून बोलावं, आप्पांनी मराठीतून उत्तर द्यावं, आणि दोघांचं अगदी छान चालावं. पण सरकारी कागदाला शेजार नसतो. शेताचा उतारा, दवाखान्यातली चिठ्ठी, बँकेतली सूचना, सगळं हातात धरून ते भिंतीपलीकडच्या पोराला हाक मारत. एका कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस बाहेर चहाच्या गाड्यावर माझ्याशी उत्तम मराठीत बोलला आणि आत खुर्चीत बसल्यावर आप्पांच्या मराठी प्रश्नाला त्यानं मान वर करून पाहिलंही नाही. तोही सूडच. एवढंच की त्याच्या बाजूला शिक्का होता.

माझं म्हणणं स्पष्ट लिहिते, म्हणजे उगाच अर्थ काढत बसायला नको. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमानं भाषिक अल्पसंख्य मुलाला प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं यासाठी सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, ती कुणाची मेहेरबानी नाही. मराठी शाळा, मराठी कागदपत्रं, मराठी पाट्या मागणं हा हक्क आहे, आणि तो मागणाऱ्यांच्या रांगेत मी आहे. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा पडून आहे, त्याचा निकाल लागायला हवा. हे सगळं कबूल. पण हक्क मागणं वेगळं आणि भाषेवर सूड उगवणं वेगळं, आणि गेल्या साठेक वर्षांत आम्ही सीमाभागातल्या लोकांनी या दोन गोष्टी एकाच ट्रंकेत ठेवल्या. शिवाय तो सूड फक्त कन्नडवर उगवला असता तरी एक वेळ समजलं असतं. आम्ही तो मराठीवरही उगवला. कसा, ते पुस्तकांच्या कपाटात दिसतं.

बेळगावात मराठीसाठी काय काय झालं ते आठवून बघा. इथं अखिल भारतीय साहित्य संमेलनं भरली: १९२९ मध्ये शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष, १९४६ मध्ये माडखोलकर, आणि त्याच १९४६ च्या मांडवात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. पुढं २००० मध्ये य. दि. फडके. त्याखेरीज कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा अशी गावोगावची संमेलनं, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला खरी वाटत नाहीत. गावातली माणसं वर्गणी काढून, ग्रंथदिंडी काढून, जेवणावळ घालून साहित्य संमेलन भरवतात, असं महाराष्ट्रात तरी किती ठिकाणी होतं? याचा मला अभिमान आहे. पण मी या मांडवांतून अनेकदा हिंडले आहे, आणि आठ वर्षांच्या पोराला हातात घेऊन वाचावंसं वाटेल असं पुस्तक तिथल्या टेबलांवर शोधताना दर वेळी हात हलवत परत आले आहे. पाट्यांसाठी आम्ही लाठ्या खाल्ल्या. पोरांच्या पुस्तकांसाठी साधं पत्रसुद्धा लिहिलं नाही. पाटी मोठी माणसं वाचतात आणि ती एकदा वाचून होते. मराठी टिकणार असेल तर ती पोरानं तिसऱ्यांदा मागून घेतलेल्या पुस्तकात टिकेल.

आता नव्वदीच्या आधीचं कुठलंही आवडतं बालपुस्तक घ्या आणि दुकानात मागा. दुकानदार म्हणेल, आवृत्ती संपली. हे दोन शब्द एखादा माणूस गेल्याची बातमी दिल्यासारखे उच्चारले जातात. प्रत्यक्षात पुस्तक मरत नाही. रास्किन रशियात आजही छापले जातात, तिथल्या पोरांना ते सहज मिळतात. संपली ती त्यांच्याकडून आमच्याकडं येणारी वाट. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि ती प्रकाशनव्यवस्थाही त्याच्याबरोबर गेली. प्रोग्रेसमधून १९८२ मध्ये ललित आणि बालपुस्तकांसाठी वेगळी काढलेली रादुगा, म्हणजे इंद्रधनुष्य, तीही हळूहळू विरली. महाराष्ट्रात ही पुस्तकं लोकवाङ्मय आणत असे, कर्नाटकात नवकर्नाटक. बेळगाव दोघांच्याही वाटेच्या टोकाला होतं, म्हणून इथं कधी दोन्हीकडून यायची, कधी एकीकडूनही नाही.

वाट बंद झाल्यावर मागं दोन प्रकारची माणसं उरली. एक संग्राहक. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्यानं मला अशाच एका प्रतीसाठी तीन हजार सांगितले आणि वर म्हणाला, बाई, काचेच्या कपाटात ठेवा, पोरांच्या हातात देऊ नका. पोरांसाठी काढलेलं पुस्तक पोरांपासून वाचवायचं! दुसरे लोक स्कॅन करून पीडीएफ टाकणारे. त्यांचे उपकार आहेत, नाहीतर कित्येक पानं कसरीच्या पोटात गेली असती. पण मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला फोनवर पीडीएफ उघडून दिली, तर चौथ्या मिनिटाला ती मांजरांचे व्हिडिओ बघत होती. दोष तिचा नाही. तोकमाकोव यांचं चित्र आडव्या-उभ्या मोठ्या पानासाठी काढलेलं असतं, ते बोटभर काचेवर मावत नाही. आम्ही तिशी-चाळिशी ओलांडलेले लोक त्या पीडीएफवर उसासे टाकतो. तेवढ्यानं पुस्तक परत आलं असं होत नाही, फक्त आमचं बालपण आम्हाला पुन्हा एकदा दिसतं.

म्हणून मग ट्रंकेतली ती फाटकी प्रतच घेतली आणि मुलीला आप्पांसारखं सांगायला बसले. प्रामाणिकपणे लिहायचं तर सगळंच जमलं नाही. चेंडूच्या गोष्टीला ती हसली नाही, मोटार हे नवल असू शकतं हेच तिला पटेना. काही गोष्टींच्या शेवटी लेखक उपदेशाचा एक जादा चमचा घालतो, तो तिला ताबडतोब कळतो. भाकरी टाकू नये वगैरे. ती म्हणाली, हे आता शाळेसारखं झालं. कुत्रा होण्याच्या गोष्टीला मात्र ती इतकी हसली की उचकी लागली. आणि मग तिनं विचारलं, आई लहान होती तेव्हा काय करायची, त्याचं पुस्तक नाही का? नाही. साशाची आई कोर्टात वही घेऊन बसायला निघाली तेव्हा तिच्या पोटात काय कालवत असेल, तीही कधी अंधाराला भ्यायली असेल, याची गोष्ट कुणी लिहिली नाही. माझ्या आठवणीतलं पुस्तक याहून मोठं होतं, हे मी मान्य करते. त्यातला मोठा वाटा पुस्तकाचा नव्हताच, तो कंदिलाचा आणि आप्पांच्या आवाजाचा होता.

तरीही ते परत यावं असं मला वाटतं, कारण आठवणी बाजूला ठेवल्या तरी काहीतरी शिल्लक राहतं. मोठ्या माणसानं पोरासमोर स्वतःची चूक सांगणं. आमच्या भागात पोरांना आम्ही लढ्याच्या गोष्टी सांगतो, अन्यायाच्या सांगतो. आम्ही कुठं चुकलो याची एकही सांगत नाही.

परत आणायचं कसं, यावर बोलू, कारण इथं बहुतेक लोक हात झटकतात की कॉपीराइटची भानगड आहे. भानगड आहे, पण वाटते तेवढी नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०११ उजाडताच त्यांची पुस्तकं सर्वांची झाली, आणि बघा, कुठल्याही स्टँडवर मिळतात. ‘गोट्या’वाले ना. धों. ताम्हनकर १९६१ मध्ये गेले, तेही आता मोकळे आहेत. रास्किन १९७१ मध्ये गेले, म्हणजे साठ वर्षांच्या हिशेबानं २०३२ पर्यंत थांबा. माझी मुलगी तोवर दहावीच्या आसपास असेल.

थांबायची गरज नाही. त्याच कायद्याच्या ५२ व्या कलमात एक अगदी साधी सोय आहे, जिच्याकडं कुणी बघत नाही: एखादं पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर नफा न कमावणारं सार्वजनिक ग्रंथालय स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीनपर्यंत प्रती करून घेऊ शकतं. तीन! एक काचेत ठेवा, दोन पोरांच्या हातात द्या, फाटू देत. आणि ग्रंथालयाजवळ छापील प्रत असेल तर जतनासाठी ती संगणकावर साठवायचीही मुभा आहे. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं. सीमाभागातल्या लहानमोठ्या वाचनालयांच्या कपाटांत अशी किती एकुलती एक पुस्तकं पडून असतील, आणि आपल्याला तीन प्रती करायचा हक्क आहे हे किती ग्रंथपालांना ठाऊक असेल?

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कर नाही, तिथं वाचनालयं अनुदानावर चालतात. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात तो आहे, घरपट्टीसारख्या करावर रुपयामागं सहा पैसे. म्हणजे शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडीतला प्रत्येक मराठी घरमालक पोरांच्या पुस्तकांसाठी पैसे आधीच भरून बसला आहे. सरकारी ग्रंथालयात जाऊन मराठी बालपुस्तकं मागणं ही याचना नव्हे, भरलेल्या पैशाचा हिशेब मागणं आहे. आमच्यातले किती लोक त्या पायऱ्या चढतात? कन्नड ग्रंथालय म्हणून आम्ही तिकडं फिरकत नाही, आणि कुणी फिरकत नाही म्हणून ते मराठी पुस्तकं घेत नाहीत. पुन्हा तोच जर्मन भाषेवरचा सूड, फक्त पावतीसकट.

छापील आवृत्तीसाठी वारसांची परवानगी लागेल. ती मागायला पत्र लिहावं लागेल, बस्स. आणि ती मिळाली तर मला हवी ती आवृत्ती साधी मराठी नको. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड, मध्ये तोकमाकोव यांची चित्रं. संमेलनांच्या समित्यांना माझं सांगणं आहे की एका वर्षी शाली, स्मृतिचिन्हं आणि स्मरणिका बाजूला ठेवा आणि त्या पैशात हे करा. पाहुण्यांना शालीऐवजी हेच पुस्तक द्या, नातवंडांसाठी.

दोन पानांवर दोन लिप्या म्हटलं की दोन्हीकडून ओरड होणार, हे मी इथंच राहत असल्यामुळं जाणते. आमचे लोक म्हणतील, म्हणजे लढा सोडला. २०१५ च्या कायद्यानं शाळांत कन्नड सक्तीचं झालं, २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के कन्नड आलं, आणि आता ही बाई गोष्टीच्या पुस्तकातही पन्नास टक्के द्यायला निघाली! पलीकडचे म्हणतील, मराठी मागच्या दारानं आत घेताय. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे, आणि ते तत्त्वाचं नाही. सक्तीनं शिकलेली भाषा पोराच्या परीक्षेपुरती राहते, हे मी घरात बघते आहे. माझी मुलगी शाळेत कन्नड शिकते, तिला त्यात चांगले मार्क पडतात, आणि भिंतीपलीकडच्या पोराशी ती हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत बोलते. मला शाळेनं न शिकवलेलं कन्नड येतं, कारण मला कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं. धारवाडात घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्रे यांनी कन्नड कविता लिहिली आणि १९७३ चं ज्ञानपीठ घेतलं. त्याच धारवाडात बेळगावकडचे जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत राहिले आणि मराठी कथा कुठच्या कुठं नेऊन ठेवली. या दोघांनी आपापली भाषा सोडली नाही, आणि दुसरीवर सूडही उगवला नाही. आमच्या मातीत हे नवीन नाही, आम्हीच ते विसरलो.

रशियनच पुस्तक का, मराठीत काय कमी आहे, असंही विचारलं जाईल. मराठी पुस्तकंही आणा की. बालभारतीनं ‘किशोर’चे १९७१ पासूनचे अंक मोफत खुले केले आहेत, ते छापून वाचनालयात का ठेवू नयेत? पण पहिलं पुस्तक तिसऱ्याच कुणाचं तरी असावं, असा माझा जरा लबाड विचार आहे. मराठी पुस्तकाचं कन्नड भाषांतर केलं की कोण कुणाकडं आलं याचा हिशेब सुरू होतो, उलट केलं तरी तेच. रशियातल्या पोराचा चेंडू दोघांनाही सारखाच परका आणि सारखाच आपला.

परवा मी सरकारी ग्रंथालयात गेले. तिथं पुस्तकं सुचवायची वही असते. बाकावरच्या बाईंनी ती पुढं सरकवली आणि कन्नडमधून विचारलं, कुठल्या भाषेतलं हवं? मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. वहीत लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, भाषा असे रकाने होते. भाषेचा रकाना तसा अरुंद. मी मधून एक उभी रेघ मारली, एका बाजूला ‘मराठी’ लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला, बऱ्याच वर्षांनी, कन्नड अक्षरांत ‘कन्नड’. पहिलं अक्षर जरा चुकलं. बाईंनी माझ्या हातातलं पेन घेऊन ते नीट करून दिलं.